आतली कडी

५ फेब्रुवारी, सोमवार

चौकशीवाल्या बाई म्हणाल्या, राग आला की माणसावर काढू नकोस, वहीत लिहून काढ. मी म्हटलं, बाई, एवढ्या वह्या कोण पुरवणार? त्या हसल्या नाहीत. ताई गेली, तिचा नवरा आत गेला, आणि त्यांची मुलगी आमच्याकडे आली. ती आमच्याकडेच राहणार की तिच्या काकाकडे जाणार, हे या बाई ठरवणार. म्हणून मीही हसणं आवरलं आणि ही वही आणली.

आज एकाला मारलं. तेच लिहितो.

आमचं दुकान सोफे दुरुस्तीचं. जुनं कापड सोलायचं, पिना उपटायच्या, सडका फोम काढून नवा भरायचा, वरून कापड ताणून ठोकायचं. मिस्त्री मालक, मी त्यांच्या हाताखाली, आणि खिडकीपाशी मशीनवर शिलाईवाली. ती वयाने माझ्याएवढीच, सतराची, जिभेने आजीबाई. भाची चार वर्षांची. दिवसभर फोमच्या तुकड्यांच्या ढिगात बसून सोफ्याची बटणं रंगांप्रमाणे लावते, म्हणून तिचं नाव बटण पडलं.

एक गिऱ्हाईक खुर्ची न्यायला आला. बटणकडे बोट करून मिस्त्रींना म्हणतो, "हीच का ती? बापाने बायकोला जिन्यावरून ढकललं ती?" आवाज खाली आणायचीसुद्धा तसदी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची मानगूट धरली आणि कापड कापायच्या टेबलावर त्याचं तोंड आपटलं. समाधान झालं नाही म्हणून पुन्हा आपटलं. ओठ फाटला, क्रीम रंगाच्या नव्या कापडावर रक्त सांडलं. मिस्त्रींनी मागून कवेत धरून मला ओढलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

शिलाईवालीची मात्र कमाल आहे. माणूस बोंबलतोय, टेबल हलतंय, आणि ही मान खाली घालून पूर्ण वेगात मशीन मारतेय. कामाचं वेड असावं तर असं.

बटणही शहाणी. दंगा सुरू झाल्याबरोबर फोमच्या ढिगात पार आत शिरली होती. बाहेर काढायला तिचा पाय धरून ओढावं लागलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

बटण आमच्याकडे आली तेव्हा एक खेळ सोबत घेऊन आली. पहिल्याच आठवड्यात आईच्या हातून पातेलं पडलं, मी "अगं काय हे" म्हणून ओरडलो, आणि ही गायब. बघतो तर कपाटात, चादरींच्या मागे, तोंडावर हात ठेवून. विचारलं तर म्हणाली, "दुकान बंद." ताईने शिकवलं होतं. दुकान बंद म्हटलं की आत जायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. ताई येऊन "दुकान उघडं" म्हणाली की बाहेर यायचं. एके दिवशी ताई तसं म्हणायला आली नाही. शेजाऱ्यांनी कपाट उघडलं.

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. ताईला जे मिळालं नाही ते हिला मिळणार. तिचा बाप सुटून बाहेर आलाच तर त्याला पोरगी सापडता कामा नये.

१० फेब्रुवारी, शनिवार

युक्ती सुचली. मी सोफेवाला आहे, कपाटं कशाला हवीत?

घरातला जुना तीन जणांचा सोफा उघडला. मधल्या आणि एका कडेच्या बैठकीखालच्या स्प्रिंगा काढून टाकल्या. वर जाड प्लाय टाकला, कोणी बसलं तरी दबू नये म्हणून. आत चारही बाजूंनी फोम लावला. तळाला नेहमीचं पातळ कापड, त्यातून हवा येते. पुढची पट्टी बिजागरीवर घेतली. कापड चढवल्यावर ती उघडते हे मिस्त्रींनाही ओळखता येणार नाही. आणि कडी लावली ती आतून. बाहेरून उघडायची सोयच नाही. तिने काढली तरच निघेल.

आई कामावरून आली. ती हॉस्पिटलच्या धुलाईत आहे, दिवसभर वाफेत उभी असते. तिने सोफा बघितला. म्हणाली, "माझ्या लेकीने कपाटात लपवली, तू सोफ्यात लपव. या पोरीने उघड्यावर कधी बसायचं रे?"

मी म्हटलं, तो मरेल तेव्हा.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सोफ्याला नवं कव्हर हवं म्हणून शिलाईवाली सुट्टीच्या दिवशी माप घ्यायला घरी आली. मापाची पट्टी गळ्यात, पिना तोंडात. तोंडात पिना असतानाही तिची बडबड थांबत नाही, हा एक चमत्कारच.

"मामा," तीही मला मामाच म्हणते, बटणचं ऐकून, "एवढा भक्कम सोफा कुणासाठी? हत्ती सांभाळणार आहेस?"

मी तिला कडी दाखवली. बटणने खेळ करून दाखवला. सुळकन आत, कडी खट्. मला इतका अभिमान वाटला की छाती भरून आली. मी बोटांच्या पेरांनी पट्टीवर ठकठक केलं आणि "दुकान उघडं" म्हटलं. बटण हसत बाहेर आली.

शिलाईवाली हसली नाही. मग बटणला मांडीवर घेऊन म्हणाली, "मला पण घेशील का गं आत?" बटण म्हणाली, "तू मावत नाहीस. तू मामाशी लग्न कर आणि बाहेर बस." माझे कान तापले. शिलाईवाली माप विसरली, पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.

जाताना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "पोरगी काहीही बोलते." ती म्हणाली, "काही वाईट नाही बोलली." दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर वळून म्हणाली, "पण तुझ्या नाकावरचा राग आधी खाली उतरव. मला नाकावर राग असलेली माणसं घरात नकोत. एक होता, पुरे झाला."

मला एवढंच ऐकू आलं की काही वाईट नाही बोलली. आज मला सगळं गोड दिसतंय.

१९ फेब्रुवारी, सोमवार

त्याला जामीन मिळाला. बाईंनी फोन करून सांगितलं. म्हणाल्या, त्याला तुमच्या घरी यायची मनाई आहे. म्हणजे तो आता मनाईला घाबरून घरी बसणार. धन्य.

मी आईला म्हटलं, मी कोयता आणतो. ती म्हणाली, "आणलास तर मी घर सोडून जाईन." माझा आवाज चढला. तुझ्या मऊपणामुळेच ताई गेली, दर वेळी तिला परत पाठवलीस, नांदायला हवं म्हणालीस. हातातला पेला भिंतीवर फेकला. आई खाली बसून काचा वेचू लागली. म्हणाली, "वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस. आणि हा आवाज घरात काढू नकोस. हा आवाज मी ओळखते."

तिचंही खरंच आहे, माझा आवाज हल्ली भारी झालाय. सगळेच म्हणतात.

पण एक गंमत झाली. या सगळ्यात बटण न सांगताच आत जाऊन बसली. मी दुकान बंद म्हटलंसुद्धा नव्हतं. एकदम तयार झालीय पोरगी. ठकठक केल्यावर बाहेर यायला जरा वेळ लावला, तेवढं सुधारायला हवं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तो आला.

आई कामावर गेलेली. आम्ही दोघंच. जिन्यावर पावलं वाजली आणि मी ओळखली. "दुकान बंद" म्हटलं, पट्टी मिटली, कडी खट्. तेवढ्यात दारावर लाथ बसली. दुसऱ्या लाथेला चौकटीची फळी फुटली.

भिकाऱ्यासारखा वाळलाय, पण ताकद तीच. तोंडाला दारूचा वास. मी अंगावर गेलो तर त्याने हातातली रिकामी बाटली माझ्या कानावर फोडली. डाव्या बाजूने ऐकू यायचं थांबलं, गरम रक्त कॉलरमध्ये उतरलं. पोटात गुडघा घातला. मी खाली पडलो तर बोटांवर बूट ठेवून उभा राहिला. मग घर उलथं केलं. कपाट आडवं केलं, चादरी बाहेर. त्याला कपाट माहीत होतं. पलंगाखाली, मोरीत, माळ्यावर. सगळीकडे बघितलं.

आणि दमून सोफ्यावर बसला. बरोब्बर मधोमध.

"कुठाय माझी पोरगी?"

"इथे नाही."

त्याने बैठकीवर तळहात दाबून बघितला. "नवा केलास? हात चांगला आहे तुझा." मग तोंड ओंजळीत घालून रडायला लागला. "मी तिला ढकललं नाही रे. हात लागला. राग आला की माझा हात माझा राहत नाही. तुला कळेल, मेव्हण्या. तुझी ताईच सांगायची, माझा भाऊ अगदी तुमच्या वळणावर गेलाय."

मी म्हटलं, तुला मारून टाकीन. तो उठला, मला बरगडीत एक लाथ घातली आणि निघून गेला.

त्याच्या वजनाखाली प्लाय जरासुद्धा कुरकुरला नाही. चिमुरडीने हूं की चूं केलं नाही. माझं पोर त्याच्या बुडाखाली होतं आणि त्याला पत्ता नाही. मी रक्ताने माखलेला आणि हसतोय. ठकठक केलं, बटण बाहेर आली. तिने खाली ओलं केलं होतं. माझ्या कानाला हात लावला आणि म्हणाली, "पप्पा माझ्यावर बसले होते."

आणि काय म्हणाला तो, मी त्याच्या वळणावर. ताई असलं काही म्हणणार नाही. स्वतःवरून जग ओळखतो, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

पोलिसांत तक्रार दिली. बघतो म्हणाले.

कानाला टाके. शिलाईवालीने दुकानात पट्टी बदलून दिली. तिची बोटं थंड होती. मी तिचा हात धरला, तिने धरू दिला. मिस्त्री उगाच फोम मोजायला मागे गेले. मी तिला सांगितलं, तू आणि बटण, तुमच्या केसाला कोणी धक्का लावला तर मी त्याचे तुकडे करीन. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिने हात काढून घेतला आणि मशीन सुरू केलं. मशीनला कापडच लावलेलं नव्हतं.

बायकांचं काही कळत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

खाली जिन्यावर बसून लिहितोय. वर जायची मला मनाई आहे. वही मांडीवर आहे, अक्षर लागलं तर लागलं.

कान दुखत होता म्हणून दुपारी बटणला घेऊन लवकर घरी आलो. संध्याकाळी दार वाजलं. हळूच, बोटांनी. मी बटणला आत घातलं, पिना ठोकायची हातोडी घेतली आणि दार उघडलं. तोच. अंघोळ केलेला, दाढी केलेली. हातात लहानसे पिवळे बूट. म्हणाला, "आत येत नाही. एवढे तिला दे. त्या दिवशीचं चुकलं. मी भावाकडेच राहीन, परत येणार नाही."

तो येतच नव्हता. मी त्याला आत ओढला. हे लिहिलं पाहिजे. मी ओढला.

पहिली हातोडी खांद्यावर बसली. तो पडला. हात माझा राहत नाही म्हणाला होता ना, म्हणून तो हात जमिनीवर दाबून धरला आणि बोटांवर मारत राहिलो. काड्या मोडल्यासारखा आवाज आला. तो म्हणत होता, "नको, बस, पाया पडतो, नको." मी काय म्हणत होतो मला आठवत नाही. मोठ्याने म्हणत होतो. ताईचं नाव घेत होतो बहुतेक. त्याच्या तोंडावर गुडघा ठेवला, दात तुटून माझ्या पँटला चिकटला. तो हात उचलत नव्हता आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

कोणीतरी माझा दंड धरला. मी कोपर मागे मारलं. मग पुन्हा धरला, आणि सोडलाच नाही. शिलाईवाली होती. शिवलेलं कव्हर घेऊन आली होती. तिचा ओठ फुटलेला. मी म्हटलं, "यानेच मारलं ना तुला?" तिने माझ्या कोपराकडे बघितलं.

तो ढोपरांवर रांगत दाराबाहेर गेला. खालच्या शेजाऱ्याने त्याला उचललं. बूट उंबऱ्यात पडून राहिले.

मी जिंकलो होतो. सोफ्यापाशी बसलो, ठकठक केलं, म्हटलं, "दुकान उघडं."

काहीच नाही.

पुन्हा ठकठक. "बटण, मामा आहे. गेला तो. मी घालवला त्याला. दुकान उघडं."

आतून श्वास ऐकू येत होता, हळू हळू घेतलेला, ताईने शिकवल्यासारखा. मला भीती वाटली, हवा कमी पडत असेल, कडी अडकली असेल. भीती वाटली की मला ओरडताच येतं, दुसरं काही येत नाही. "उघड म्हणतो ना." मी पट्टीवर मूठ आपटली. लाथ घातली. माझाच प्लाय, मीच केलेलं काम, हलेना. मग हातोडी उचलली, फोडूनच काढतो म्हणून.

शिलाईवाली मध्ये येऊन बसली. पट्टीला पाठ लावून, ओठातलं रक्त हनुवटीवर. अगदी हळू बोलली. "हातोडी ठेव आणि बाहेर जा."

"मी तिचा मामा आहे."

"ती आत अंधारात होती. तिला दिसलं काहीच नाही, नुसतं ऐकू आलं. एक जण ओरडत होता, एक जण रडत होता. ओरडणारा कोण होता?"

मी हातोडी खाली ठेवली.

"तू ओरडायला लागलास की मी मशीन सुरू करते, ठाऊक आहे? पोरीला कमी ऐकू जावं म्हणून. आमचे वडील सुरू झाले की आई मिक्सर लावायची. रिकामा. जा खाली. तुझी पावलं उतरताना तिला ऐकू जाऊ देत."

मी उतरलो. मुद्दाम पाय वाजवत उतरलो. शेवटच्या पायरीवर बसलो. उजवा कान चांगला आहे, त्याने ऐकलं. कडी निघाली.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मारलेलं सगळं या वहीत आहे. आज पहिल्या पानापासून वाचलं. प्रत्येक पानावर बटण आत जातेय, आणि प्रत्येक पानावर मी खूश आहे.

४ मार्च, सोमवार

बाई आल्या होत्या. मी काही विचारायच्या आत वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बसल्या बसल्या वाचली. आईने त्यांना पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

त्याची तीन बोटं गेलीत. माझ्यावर केस झालीय, अठरा पूर्ण नसल्याने ती मुलांच्या वेगळ्या कोर्टात चालेल. बटण आजीकडे राहील असं बाई म्हणाल्या. काकाकडे नाही. मला वाटलं सुटलो. मग म्हणाल्या, "पण तू या घरात राहायचं नाहीस. निदान मी सांगेपर्यंत. भेटायचं ते आजी समोर असताना." मी आईकडे बघितलं. वाटलं, ती काहीतरी बोलेल. तिने माझे कपडे आधीच पिशवीत भरून ठेवले होते. पिशवीची नाडी बांधताना रडत होती, पण बांधत होती. ताईला दर वेळी परत पाठवली, ती चूक आई पुन्हा करणार नाही.

मिस्त्रींनी दुकानात मागे झोपायला जागा दिलीय. शिलाईवाली दुकानात येते, कामापुरतं बोलते. ओठावर खूण राहिलीय. मी माफी मागितली. म्हणाली, "मागितलीस, ऐकली. आमच्याकडे माफ्यांचा ढीग पडलाय, त्यात ठेवते. हात खाली ठेवून भांडायला शिकलास की सांग. मी मशीन बंद करून ऐकेन." तेवढ्यावर मी जगतोय.

निघायच्या आधी बटण समोर आली. पिवळे बूट घातलेले. ते तिनेच उंबऱ्यातून उचलले, कोणी काढून घेतले नाहीत. माझ्यापासून जरा लांब उभी राहिली, आजीचा पदर हातात धरून.

"मामा, दुकान बंद मध्ये अजून एक कडी लाव."

"आहे की एक."

"ती पप्पांची आहे. तुझी लाव."

आईने तोंड फिरवलं. मी दुकानातून जाडीतली कडी आणली. पहिल्या कडीच्या खाली, तिच्या हाताला सहज येईल अशी धरून बघितली. तिने मान हलवली, तिथेच म्हणून. लांब स्क्रू घेतले, प्लायमध्ये पूर्ण आत गेले. मग तिला म्हटलं, बस आत. ती बसली, दोन्ही कड्या लावल्या. मी बाहेरून दोन्ही हातांनी, पाय अडवून, अंगातला सगळा जोर लावून पट्टी ओढली.

निघाली नाही. मी तिला तसं सांगितलं, हळू आवाजात, आणि पिशवी उचलून पाय वाजवत जिना उतरलो.